गुलमोहर सोसायटी: फक्त महत्त्वाचे मेसेज

देशमुख काकू ए-२०४: नमस्कार. आज परत बी विंगच्या ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात डायपर. मावशींनी डबा तसाच ठेवलाय, घंटागाडीवाला हात लावायला तयार नाही. मागच्या सभेत मी बोलले तेव्हा सगळे माना डोलवत होते. कोणाला उद्देशून नाही, पण ज्याने त्याने समजून घ्यावं.

सोनल बी-३०३: काकू, बी विंगमध्ये तान्हं बाळ फक्त आमच्याकडे आहे. मग "कोणाला उद्देशून नाही" कशाला? आमचे डायपर कागदात गुंडाळून, लाल ठिपका काढून सुक्याबरोबर वेगळे जातात. मावशींना विचारा.

चिन्मय सी-१०२: मोठ्यांचेही डायपर मिळतात म्हणे. मी फक्त माहिती दिली.

हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

जोशी काका सी-७०१: खतखड्ड्यासाठी जमा झालेल्या ₹८५,००० चा हिशेब अद्याप मिळालेला नाही. कृपया खुलासा व्हावा.

पाटील (सेक्रेटरी): जोशी साहेब, हिशेब वार्षिक सभेत मांडला होता. आपण गावी होतात. सर्वांना विनंती, विषयाला धरून बोलावे.

महाजन काका ए-५०१: आपल्याकडे हे कधीच व्हायचं नाही. कोरियात बघा, जपानमध्ये बघा. रक्तातच शिस्त.

केतन बी-६०१: काका, मी सुवॉनला राहून आलोय, सोलच्या शेजारीच आहे. रक्ताबिक्ताचं काही नाही, सगळा खेळ खिशाचा. आमच्या बिल्डिंगखाली ओल्या कचऱ्याचं मशीन होतं. कार्ड टेकवलं की झाकण उघडायचं, टाकलं की वजन दिसायचं, पैसे मेंटेनन्समध्ये लागून यायचे. किलोला शंभर-सव्वाशे वॉन, म्हणजे आपले आठेक रुपये. रक्कम काहीच नाही, पण आकडा रोज डोळ्यांसमोर येतो. शेजारच्या आजी भाजीचं पाणी निथळवून, पिळून मग खाली यायच्या.

केतन बी-६०१: बाकीचा कचरा पालिकेच्या विकतच्या पिशवीतच टाकायचा. हे १९९५ पासून देशभर आहे. रिसायकलचं वेगळं काढलंत तर त्याला पैसे नाहीत. म्हणजे आळस केला की भुर्दंड.

कुलकर्णी आजी ए-१०१: मग इथेही वजनावर घ्या. मी एकटी. माझा कचरा म्हणजे चहाचा चोथा आणि दोन केळ्यांची सालं. त्या सहा माणसांच्या घराइतकंच मी का भरायचं?

केतन बी-६०१: आजी, चहाचा चोथा तिकडे ओल्यात चालत नाही. कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, हाडंसुद्धा नाही. त्या कचऱ्याचं बरंचसं जनावरांचं खाद्य होतं, त्यामुळे जे जनावर खाणार नाही ते ओल्यात नाही.

कुलकर्णी आजी ए-१०१: अगंबाई. मग मी काहीच टाकत नाही म्हणायची.

देशमुख काकू ए-२०४: "सहा माणसांचं घर" हे आमच्यासाठी होतं का आजी?

चिन्मय सी-१०२: कोणाला उद्देशून नाही, काकू.

जोशी काका सी-७०१: ₹८५,००० बाबत. खतखड्ड्यात मी स्वतः डोकावून पाहिले. आत दोन कुंड्या व एक तुटकी खुर्ची आहे.

महाजन काका ए-५०१: पण त्यांनी हे लोकांच्या गळी उतरवलं कसं? आपल्याकडे मोर्चा निघेल.

केतन बी-६०१: वेळच तशी आली होती. १९७८ ते १९९३ सोलचा कचरा नान्जिदो नावाच्या डेपोत ओतत होते. नव्वद मीटरच्या वर डोंगर झाला. आता तिथे बाग आहे, २००२ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी केलेली. पुढे २००५ पासून ओला कचरा डेपोत थेट पुरायलाच बंदी आली. मग त्यातून निघणारं पाणी समुद्रात सोडत, तेही २०१३ ला बंद केलं. जागाच उरली नाही की सुचतं. आपला देवनारचा डेपो १९२७ पासून चालू आहे, २०१६ ला आग लागून धूर अख्ख्या मुंबईने खाल्ला. तरी आपण ढिम्म.

शिंदे सर सी-४०४: केतन, कौतुक पुरे. तिकडच्या ओल्या कचऱ्याचं खत फार खारट होतं, शेतकरी घ्यायला कुरकुरतात, हेही सांग.

केतन बी-६०१: खरंय सर. जेवणातलं मीठ खतात उतरतं.

चिन्मय सी-१०२: आपल्या लोणच्यांचं काय होणार मग?

शिंदे सर सी-४०४: आणि "परदेशात बघा" म्हणणाऱ्यांसाठी. चीनने २०१८ च्या सुरुवातीला बाहेरचा प्लास्टिक कचरा घेणं बंद केलं, तेव्हा श्रीमंत देशांची शिस्त कुठे जात होती ते जगाला कळलं. मग तोच माल मलेशिया, व्हिएतनामच्या बंदरांत. कॅनडातून प्लास्टिकच्या नावाखाली गेलेल्या कचऱ्यात डायपरही निघाले होते. फिलिपाइन्सने २०१९ ला ६९ कंटेनर बोटीत घालून परत पाठवले.

सोनल बी-३०३: तेही आमच्याच घरातले असतील.

महाजन काका ए-५०१: [फॉरवर्ड] जपानमध्ये कचरा नावाची गोष्टच नाही!! प्रत्येक भारतीयाने वाचावे!!

शिंदे सर सी-४०४: महाजन, आहे. तिथला बहुतेक कचरा जाळतात. तुम्ही म्हणताय ते कामिकात्सु गाव. वस्ती दीड हजारही नाही. चाळीसहून जास्त प्रकारांत कचरा वेगळा करतात आणि स्वतः केंद्रावर नेऊन देतात, गाडी दारात येतच नाही. ओलं घरच्या घरी जिरवतात. २००३ ला ठरवलं की २०२० पर्यंत कचरा शून्य. ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचले. उरलेल्यात डायपर आहेतच, ते त्यांनाही जाळावे लागतात.

देशमुख काकू ए-२०४: पण हिरव्या डब्यात तरी टाकत नसतील.

पाटील (सेक्रेटरी): चर्चा चांगली आहे. सरकारी नियमाप्रमाणे रोज १०० किलोच्या वर कचरा असलेल्या सोसायटीने ओला कचरा शक्यतो जागेवर जिरवायचा आहे. आपण बरोब्बर त्या सीमेवर आहोत. तेव्हा आधी वजन तरी करू. माझ्याकडे लटकवायचा काटा आहे. सोमवारपासून बी विंगपासून सुरुवात.

सोनल बी-३०३: बी विंगच का?

केतन बी-६०१: हो, बी च का?

पाटील (सेक्रेटरी): बरं, ए पासून.

देशमुख काकू ए-२०४: ए चा काय संबंध? आमच्या डब्यात आजवर काही सापडलेलं नाही. आणि वजनावर पैसे लागले की लोक रात्री दुसऱ्याच्या डब्यात टाकतील, ते कोण बघणार?

केतन बी-६०१: हा मुद्दा बरोबर आहे काकू. तिकडेही लोक गुपचूप टाकायचे. दंड आहे, कॅमेरे आहेत.

जोशी काका सी-७०१: कॅमेऱ्याचा खर्च कोणत्या खात्यातून? आधी ₹८५,०००.

पाटील (सेक्रेटरी): डबा मी स्वतः उभा राहून उचलून घेतला आहे. विषय संपला. दुसरी सूचना: पंप दुरुस्तीमुळे आज ११ ते ३ पाणी बंद राहील.

सोनल बी-३०३: आज??

कुलकर्णी आजी ए-१०१: अरे मशीन लावलंय मी आत्ताच.

चिन्मय सी-१०२: साबण लावून उभा आहे. कृपया विषयाला धरून बोलावे.