बाप्तिस्मा झाला, पुढे काय? तुमचे अनुभव लिहा

बाप्तिस्म्याचे फोटो सगळेच टाकतात. पांढरे कपडे, केक, पाळकसाहेबांसोबत सगळं घर. त्यानंतरचं कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. दिलेलं वचन रोजच्या जगण्यात कुठे आडवं आलं ते सांगा.

एकच विनंती, बाळपणी की मोठेपणी हा वाद इथे नको. 29 नोव्हेंबर 1970 ला आपल्या नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि स्वतः विश्वासाची कबुली दिल्याशिवाय न देणारे बॅप्टिस्ट एकत्र आले. दोन्ही रीती मान्य झाल्या. त्यांचं जमलं, आपलंही जमेल.

सदरहून
माझा तान्हेपणीच झाला. आईबाबांनी माझ्या वतीने दिलेली वचनं दृढीकरणाच्या, म्हणजे मोठं झाल्यावर ती स्वतः पक्की करण्याच्या विधीच्या वेळी मी स्वतः म्हटली, पाठ करून, अर्थ न लागता. अर्थ लागला तो बाबा गेल्यावर. घराची वाटणी निघाली. मोठा भाऊ म्हणे, बहिणींच्या लग्नात खर्च झाला, आता त्यांच्याकडून हक्कसोडपत्र घेऊन टाकू. आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे, त्यात मुलगा-मुलगी सारखेच. पण कायदा दाखवला असता तर भांडणच झालं असतं. मी एवढंच म्हटलं, "दादा, 'सैतानाच्या सर्व कामांचा त्याग' आपण दोघंही बोललो आहोत. हे त्यातच येतं." दादा उठून गेला. दोन महिने फोन नाही. शेवटी वाटे सारखे झाले. एका बहिणीनं तिच्या पैशांतून आधी गच्चीची गळती काढली. दादा अजून थोडा फुगलेलाच आहे.

हिंगणा रोड
माझा मोठेपणी, डिसेंबरात, चर्चच्या कुंडात. नागपूरची थंडी माहीतच आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ताबरोबर पुरले जाण्याचं लिहिलंय. पाण्याखाली गेलो तेव्हा खरंच श्वास अडकला. कंपनीत खरेदी माझ्याकडे आहे. पार्ट्या दिवाळीला पाकिटं आणतात, मी परत करतो. लोक आता म्हणून राहिले, "याच्याकडे जाऊन काही फायदा नाही बे." बरंच आहे.

एक नर्स
मी कॅथलिक. आमच्यात जीव धोक्यात असेल आणि फादर पोचत नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. एका रात्री सातव्या महिन्यातलं बाळ होतं, वडिलांनी हात जोडले. इन्क्युबेटरच्या खिडकीतून हात घातला, सिरिंजमधून पाण्याचे तीन थेंब कपाळावर सोडले: पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. बाळ वाचलं. मी त्याची धर्ममाता नाही, पण त्याच्या वाढदिवसाला फोन करते. पाणी आपण घातलं की नातं लागतंच.

माझा झालेला नाही, तरी लिहू का?
यांनी घेतला, मी नाही. घरात देव्हारा आहे, यांचं बायबलही आहे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी, तोही स्वतःच्या मनानं. तेव्हा मला घाई नाही. यांच्यात फरक काय? कामठीच्या जेठांशी बोलचाल बंद होती, हे स्वतःहून गेले, चहा पिऊन आले. राग मात्र अजून तसाच, भाजीत मीठ कमी पडलं की दिसतो. चर्चच्या बाया मायाळू आहेत. फक्त दर रविवारी "तुमचं कधी?" विचारणं थांबवा ना बाप्पा!