मदत हवी आहे: 100 मेगाहर्ट्झ कोलपिट्स ऑसिलेटरमध्ये लीसनच्या सूत्रापेक्षा 11 डेसिबल जादा फेज नॉइज (सिग्नलच्या फेजमधली सूक्ष्म थरथर)

नाशिक, सातपूर. बायपोलर कोलपिट्स, लोडेड क्यू (जोडणीसकट टँक सर्किटची गुणवत्ता) 50, पॉवर 0 डीबीएम, नॉइज फिगर 6 डेसिबल. फ्लिकर कॉर्नर (ज्याच्या खाली 1/f म्हणजे फ्लिकर नॉइज वरचढ ठरतो) 5 किलोहर्ट्झ धरला तर कॅरियरपासून 10 किलोहर्ट्झ ऑफसेटला लीसन −129 डीबीसी/हर्ट्झ देतो, मोजमाप −118. कॉर्नर 50 किलोहर्ट्झ धरला तरी −123च, आणि असा जुळवून घेतलेला आकडा मॉडेल म्हणवत नाही.

मोजणी दोन सारखे ऑसिलेटर मिक्सरला 90 अंशांवर लॉक करून, दोघांचा नॉइज सारखा धरून 3 डेसिबल वजा केलेत. बॅटरीवर चालवलं, व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने बदलणारा कपॅसिटर) काढून फिक्स कपॅसिटर लावला, फरक शून्य. उतार 40 किलोहर्ट्झपर्यंत 30 डेसिबल/डिकेड, म्हणजे कमी वारंवारतेचा फ्लिकरच कॅरियरजवळ वर चढतोय.

एलटीस्पाइस या मोफत सर्किट सिम्युलेटरमध्ये हार्मोनिक बॅलन्स (स्थिर दोलन थेट काढायची पद्धत) नाही, महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही. म्हणून ट्रान्झियंटमध्ये (वेळेनुसार सिम्युलेशनमध्ये) करंट पल्स देऊन हाजिमिरी-ली मॉडेलची इम्पल्स सेन्सिटिव्हिटी (चक्रात कुठल्या क्षणी पल्स दिला की फेज किती सरकते) काढायची आहे. टँकच्या कमाल चार्जच्या किती टक्के पल्स द्यावा, आणि तिचा सरासरी गुणांक सी-शून्य (फ्लिकर किती वर चढतो ते ठरवणारा) भरवशाचा यायला टाइमस्टेप किती बारीक लागतो?