तैलचित्रांसाठी २,००० रुपये? मी देणार नाही

खडूधारी
आपल्या गणित शिक्षक संघटनेच्या सुवर्णमहोत्सवाबद्दल शनिवारपेठी यांनी परवा लिहिलं: तिन्ही संस्थापकांची तैलचित्रं लावायची, दाराशी नावांची कमान उभारायची, त्यासाठी प्रत्येकी २,००० रुपये वर्गणी. वर शेवटी, 'एवढंही न देणारा कृतघ्न.' हा धागा त्या शेवटच्या चार शब्दांसाठी.

व्ही. रामस्वामी अय्यर घ्या. मद्रास इलाख्यातला डेप्युटी कलेक्टर, गणित हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग नव्हेच. १९०७ साली वीसेक जण जमवून त्यानं अ‍ॅनालिटिक क्लब काढला, कारण परदेशी गणिती नियतकालिकं एकट्याला परवडत नव्हती. वर्गणीतून मागवायची आणि टपालानं एकाकडून दुसऱ्याकडे पाठवायची. त्याचीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. ग्रंथालय कुठे होतं? आपल्या फर्ग्युसनात, रँग्लर परांजपे प्राचार्य असताना. रामानुजनचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये छापला तोही याच सोसायटीच्या जर्नलनं. तैलचित्राविना झालं हे सगळं.

आणि आपल्याकडे? तीन कपाटं भरून पुस्तकं. किल्ली कोणाकडे आहे ते चार वर्षं विचारतोय.

शनिवारपेठी
वा, स्वतःच्या मुद्द्यावर स्वतःच धोंडा! एफसी रोडवर उभं राहून दहा जणांना विचारा, रामस्वामी अय्यर कोण. एकाला जरी सांगता आलं तर तुमची वर्गणी मी भरतो. चित्र नाही, म्हणून आठवण नाही. आणि 'कृतघ्न' तुम्हाला उद्देशून नव्हतं. टोपी बसली असेल तर नाइलाज.

तिरकी रेघ
शनिवारपेठी, ज्या रस्त्यावर उभं राहायला सांगताय त्याचं अधिकृत नाव नामदार गोखले पथ आहे. पाटी आहे, नाव आहे, आणि तुम्हीही 'एफसी रोड'च लिहिलंत. आता कमानीबद्दल बोलू या का?

अवांतर: ज्या फर्ग्युसनसाहेबांमुळे एफसी, त्या गव्हर्नरांची देणगी १,२०० रुपये होती म्हणे. आपल्यातल्या एकानेच भरली तर संघटनेलाही त्याचं नाव देऊन टाकू.

एकलव्य ७१
नावांचा विषय निघालाच आहे तर. न्यू इंग्लिश स्कूल १८८०, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४. लोक टिळक-आगरकर म्हणून थांबतात. माधवराव नामजोशी कुठे गेले? वामन शिवराम आपटे, फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य, कोशापुरते उरले. तेव्हा 'तिन्ही संस्थापक' हे कोणी ठरवलं? आधी ते सांगा.

शनिवारपेठी
टिळक स्वतः गणित शिकवायचे. खरं तर त्यांचंही चित्र हवं.

तिरकी रेघ
लावा की. आणि खाली लिहा: '१८९० मध्ये राजीनामा.' कशावरून, ते आठवतंय ना? वादाचं एक कारण असं की आजीव सदस्यांनी बाहेर कमाई करू नये, केली तर ती संस्थेला द्यावी, हा टिळकांचा आग्रह. आपल्या कार्यकारिणीतल्या किती जणांचे खासगी क्लास आहेत? चित्राखाली बसून सभा घेताना मान वर करायला नको वाटेल.

शनिवारपेठी
क्लास काढणं गुन्हा आहे का? सतरा वर्षं विनाअनुदानित शाळेत काढलीत. पगार तीन-तीन महिने नाही. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी क्लासनं भरली, तत्त्वांनी नाही. ज्यांना पहिल्या दिवसापासून अनुदानित नोकरी मिळाली त्यांनी मला टिळक शिकवू नयेत.

खडूधारी
क्लासबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. पण तुमच्याच क्लासमधला मुलगा शाळेतल्या तासाला 'सर, हे क्लासमध्ये झालंय' म्हणून खिडकीबाहेर बघत बसतो, तेव्हा काय वाटतं ते मला विचारा.

एकलव्य ७१
चला, क्लासचा धागा सुरू झाला. माझा प्रश्न गेला खड्ड्यात. (नामजोशींना सवय आहे.)

शनिवारपेठी
खिडकीबाहेर बघतो कारण तास कंटाळवाणा असेल. बघा विचार करून.

कोथरूडची काकू
भांडून झालं असेल तर बोलते. मी शिक्षिका नाही, बाबांमुळे इथे आहे. दर महिन्याचा सरावसंच आमच्या घरी निघायचा. बाबा स्टेन्सिल कापायचे, आई सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायची, आम्ही भावंडं पानं लावून टाचण्या मारायचो. शाई नखांतून आठवडाभर जायची नाही. ३०० संच, मग बाबा सायकलवरून शाळाशाळांत. पहिल्या सभेचा जो फोटो आहे ना, त्यात ते नाहीत, कारण ते खुर्च्या परत करायला गेले होते. म्हणून तीन संस्थापक.

मला चित्र नकोय. पण त्या कपाटात १९७० च्या दशकातल्या संचांची बांधणी आहे, बाबांच्या अक्षरातली. ती एकदा हातात घ्यायची आहे. दोनदा पत्र लिहिलं. उत्तर नाही.

तिरकी रेघ
काकू, +१. यापुढे विनोद बंद.

शनिवारपेठी
ताई, ते पत्र माझ्यापर्यंत आलं नाही. शप्पथ. तुमच्या वडिलांच्या संचांवरच मी दहावीचं गणित केलंय, कोपऱ्यात शाईचा डाग असलेले ते संच. डाग पाडणारे हात तुमचे, हे आज कळलं.

किल्ली आधीच्या कोषाध्यक्षांकडे आहे आणि ते मुलाकडे बंगळुरूला गेलेत. हे खडूधारी यांना चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. मान्य.

खडूधारी
चार वर्षांनी का होईना. बोहारआळीच्या बाजूला किल्लीवाले बसतात, कुलूप अर्ध्या तासात उघडेल. खर्च मी देतो.

शनिवारपेठी
खर्च संघटना देईल. पावती घ्या. रविवारी ११ वाजता, ताई, तुम्हीही या. पण चित्रांचा ठराव मी मागे घेतलेला नाही. तीनऐवजी चार, एवढंच.

एकलव्य ७१
चौथं कोणाचं ते कळलं. पण काकूंच्या आईचं काय? हँडल कोण फिरवत होतं?

कोथरूडची काकू
तिला फोटो काढलेला आवडायचा नाही. रविवारी येते. वाळवी लागली नसेल ना?