सुपारी घेतली म्हणजे नेमकं काय घेतलं?

मीरा_क: तमाशावरच्या एका माहितीपटाला हिंदी सबटायटल्स देतेय. फडाच्या मालकीणबाई सांगतात, "पाडव्याला नारायणगावात राहुटी टाकून बसलो, सतरा सुपाऱ्या घेतल्या." मी 'सुपारी'च ठेवलं. निर्माते म्हणाले, अहो, लखनौचा माणूस समजेल बाईंनी सतरा मुडदे पाडले! 'बुकिंग' करा. पण त्यात पाडवा, गावचे पंच, सगळंच वाहून जातं. काय करावं?

जुन्नरी: बुकिंग अजिबात नको. आमची यात्रा चैत्रात. पंच राहुट्या पालथ्या घालतात, तारीख जुळली की रकमेवरून घासाघीस, मग विसार देऊन करार. हीच सुपारी. गोंधळ्यालाही सुपारीच देतात. खूनबिन नंतर आले.

जुना उपसंपादक: नव्वदीत मुंबईत क्राइमच्या बातम्या बघायचो. टोळीवाल्यांची सुपारी आम्ही अवतरणचिन्हांत टाकत असू. १९९७ मध्ये गुलशनकुमार यांचा खून झाला, त्यानंतर रोजच तो शब्द. अवतरणं कधी गळाली कळलंही नाही. आता मथळ्यात नुसतं 'सुपारी' पुरतं, 'खुनाची' लिहावं लागत नाही.

माय_मराठी: वर्तमानपत्रांनीच गुंडांची भाषा घरात आणली. 'कंत्राटी हत्या' काय वाईट होतं?

जुन्नरी: कंत्राट पोर्तुगीजांकडून आलंय, साहेब. सुपारी निदान कोकणात पिकते.

दादरकर: मुळात हे माहीमच्या भीम राजापासून आहे. तो दरबारात विडा ठेवायचा, कामगिरी पत्करणारा तो उचलायचा. त्याचीच पुढे सुपारी झाली.

जुना उपसंपादक: गोष्ट झकास, पुरावा द्या. विडा चारचौघांत उचलतात, त्यात मिरवणं असतं. सुपारीत व्यवहार असतो. अफझलखानाने विडा उचलला म्हणतात, सुपारी घेतली म्हणत नाहीत.

माईकवाला: ऑर्केस्ट्रात निवेदन करतो. "शनिवारी सुपारी आहे" म्हणजे कार्यक्रम आहे, एवढंच. दहीहंडीला नटनट्यांच्या सुपाऱ्या असतात, तेही सर्रास बोलतात. छापून मात्र 'खास उपस्थिती' येतं! पैसे घेऊन सिनेमाची भलामण केली की तोही 'सुपारी रिव्ह्यू'. आमचं काम इमानदारीचं, ह्यांचं विकाऊ, शब्द एकच.

खानदेशी: राजकारण राहिलं की. 'सुपारीबाज' म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून बोलणारा. ऑगस्ट २०२४ मध्ये बीडला राज ठाकरेंच्या ताफ्यावर खऱ्या सुपाऱ्या फेकल्या. आंदोलकांना कुठलंही कोशवाङ्मय लागलं नाही, बघणाऱ्यांनाही नाही. बाकी आमच्याकडे अजून सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. परवा भाचीची फुटली.

माय_मराठी: अभिनंदन. पण फुटली की फोडली? आमच्याकडे फोडतात.

खानदेशी: फोडतात पाहुणे, फुटते सुपारी. भांडायला हेही चालेल तुम्हाला.

मीरा_क: माझ्या सबटायटलचं कुणी बघेल का? उद्या द्यायचंय. 'सतरा गाँवों की सुपारी' कसं वाटतं?

श्रीवर्धनचा बागायतदार: ताई, 'गावांची' शब्द आलाय, चालेल. माझं वेगळंच दुखणं आहे. भाव बघायला मोबाइलवर 'सुपारी' टाकलं की आधी दोन खून येतात, मग रोठ्याचा दर.

दादरकर: रोठा चांगलीच हो, पण पानात चिकणीला तोड नाही.

श्रीवर्धनचा बागायतदार: चिकणी? दात सांभाळा. रोठा एकदा नीट कातरून खाऊन बघा, मग बोलू.