ऑफिसचं चॅट आणि मुका फोन: तुमचे अनुभव लिहा

सासवडकर
मंडळी, गेल्या मंगळवारी रात्री पावणेबाराला क्लायंटचं पेमेंट पेज झोपलं, टीमच्या चॅटवर माझ्या नावाने सात मेसेज, आणि मी फोन उशाशी घेऊन ढाराढूर. सकाळी ॲप उघडलं तर सातही एकदम टिंग टिंग टिंग करत पडले. मॅनेजरला वाटतंय मी बघून दुर्लक्ष केलं, आता त्याला कसं पटवू.

शोधाशोध केली तर खोट माझ्याच बोटात निघाली. झोपायच्या आधी चालू असलेली सगळी ॲप्स "क्लीन" करायची मला सवय आहे, आणि माझ्या फोनातलं ते बटण नुसतं ॲप मिटत नाही, थेट फोर्स स्टॉप करतं, म्हणजे जबरदस्तीने पूर्ण बंद. तसं केलेलं ॲप आपण स्वतः हाताने उघडेपर्यंत अँड्रॉइड त्याला पुश (सर्व्हरने आपणहून फोनला धाडलेली सूचना) देतच नाही, म्हणजे रोज रात्री मीच त्याच्या तोंडात बोळा कोंबत होतो. आता रिसेंट्समध्ये त्याला कुलूप, बॅटरीत "अनरिस्ट्रिक्टेड", आणि ऑटोस्टार्ट चालू. एका टिंगसाठी तीन ठिकाणी जाऊन तीन बटणं!

तुमचं काय झालं आणि कशाने सुटलं ते लिहा. "फोन रिस्टार्ट करून बघा" सोडून काहीही चालेल.

हिरवा_ठिपका
माझा किस्सा नाव लपवूनच सांगण्यासारखा आहे. वर्क फ्रॉम होममध्ये दहा मिनिटं उठलं की नावापुढचा हिरवा ठिपका जायचा आणि लगेच "आर यू देअर?" सुरू, म्हणून मी ऑनलाइन माऊस हलवणारं एक यंत्र मागवलं, चकतीवर माऊस ठेवायचा आणि ते आपलं घरघर फिरवत बसतं. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गेलो, कोथिंबिरीवरून घासाघीस चाललेली, फोन खिशात, एक आवाज नाही. घरी येऊन बघतो तर लॅपटॉपवर बॉसचे पाच मेसेज आणि शेवटचा "ऑनलाइन दिसतोयस आणि उत्तर देत नाहीस?"

झालं असं की या बहुतेक ॲप्सचा नियम असतो, माणूस डेस्कटॉपवर ॲक्टिव्ह असेल तर मोबाईलला त्रास द्यायचा नाही. आमचं स्लॅक हे ऑफिस चॅटचं ॲप, त्यातही मुळातलं सेटिंग हेच. ॲपच्या हिशेबाने मी लॅपटॉपसमोर बसून माऊस फिरवत होतो, मग ते फोनला कशाला सांगेल? सेटिंगमध्ये "डेस्कटॉपवर असलो तरी मोबाईलवर पाठव" असा पर्याय सापडला पण तोवर यंत्राची दहशत बसली होती. ते आता माळ्यावर आहे.

पाटील_नंबर_४
आमचं उलटं, फोन गप्पच बसेना. कुणीतरी सांगितलं की कीवर्डमध्ये आपलं आडनाव टाक, टॅग न करता कुणी नाव घेतलं तरी कळेल. टाकलं. टीममध्ये पाटील सहा. त्यातल्या एका पाटलांचं प्रमोशन झालं त्या दिवशी "अभिनंदन पाटील", "पार्टी कधी पाटील", "पाटील जोरात" असं संध्याकाळपर्यंत फोन थरथरत होता आणि दरवेळी मी आशेने बघत होतो. कीवर्ड काढला.

नेटवर्कवाला
रोज हेच करतो, म्हणून जरा लांबण लावतो. कुणी "नोटिफिकेशन येत नाही" म्हणून आलं की मी आधी त्याला वायफाय बंद करून मोबाईल डेटावर जायला लावतो आणि शेजारच्याला त्याला मेसेज टाकायला सांगतो. आला, तर फोन आणि ॲप दोघं निर्दोष.

मेसेज चॅटच्या सर्व्हरवरून सरळ फोनला येत नाही. तो आधी गूगलच्या किंवा ॲपलच्या पुश सर्व्हरकडे जातो आणि तिथून फोनने कायम उघडी ठेवलेल्या एकाच वाटेने खाली उतरतो. अँड्रॉइडसाठी ती वाट मुख्यतः ५२२८ ते ५२३० हे पोर्ट (नेटवर्कची नंबर दिलेली दारं), आयफोनसाठी ५२२३. ऑफिसच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारात, बाहेर जाताना फक्त वेबसाइटचे पोर्ट उघडे ठेवलेले असले की गंमत होते, ॲप उघडलं तर सगळं दिसतं, मिटलं की शुकशुकाट. दोन्हीकडे ४४३ या वेबसाइटच्याच पोर्टवरून जायची आडवाट असते, पण तिचा भरवसा मी धरत नाही. घरी जाहिराती अडवायला प्रायव्हेट डीएनएस किंवा व्हीपीएन लावलाय त्यांनीही एक दिवस ते बंद करून बघा.

कॉलेजचा_सर्व्हर
वरचं वाचून आठवलं. आम्ही लॅबमधल्या जुन्या मशीनवर मॅटरमोस्ट, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं टीम चॅट, चढवलं होतं. कॉम्प्युटरवर छान, मोबाईलवर ॲप उघडलं की छान, पुश शून्य. दोन रात्री फोन उलटेपालटे केले तेव्हा समजलं की स्टोअरमधून घेतलेल्या ॲपला पुश पाठवायची किल्ली ॲप बनवणाऱ्याकडे असते, आपला सर्व्हर परस्पर गूगल-ॲपलला सांगू शकत नाही, मध्ये पुश प्रॉक्सी, म्हणजे निरोप पुढे पोचवणारा सर्व्हर, लागतो. त्याचा पत्ता सिस्टिम कन्सोलमध्ये (ॲडमिनच्या सेटिंगमध्ये) भरला आणि पहिलं नोटिफिकेशन आलं ते "टेस्ट टेस्ट कोणी आहे का". मजकूर बाहेरच्या सर्व्हरवरून जाऊ नये म्हणून नुसतं "नवीन मेसेज आलाय" एवढंच पाठवायची सोयही आहे, सरांनी ती लावून घेतली.

अथर्वची_आई
अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲप नोटिफिकेशनची परवानगी मागतं ना, मुलाच्या हातात फोन होता, त्याने दोनदा "नको" दाबलं. त्यानंतर ॲपने विचारणंच सोडलं. सेटिंग्जमध्ये जाऊन चालू केलं. संपली कथा.

म्युनिकची_मावशी
मी जून महिन्यात पुण्याला आले होते, ॲपने विचारलं टाइमझोन बदलू का, मी हो म्हटलं. परत आल्यावर ते भारतातच राहिलं आणि माझं नोटिफिकेशनचं शेड्यूल सकाळी ९ ते संध्याकाळी ६. हिशेब करा, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, म्हणजे फोन पहाटे साडेपाचला किणकिणायला लागायचा आणि दुपारी अडीचला गुडूप. पहाटेचं मी पुण्याच्या टीमवर ढकललं, त्यांना चार शब्द सुनावलेसुद्धा. अडीचनंतरचं माझ्या लक्षातच आलं नाही, इथली एक सहकारी शेवटी म्हणाली की तू हल्ली लंचनंतर घरी जातेस का. पुणेकरांची माफी मागितली आहे, त्यांनी चितळ्यांच्या बाकरवडीचा दंड ठोठावलाय, म्हणजे त्यांच्याच गावातून आणून त्यांनाच द्यायची.

रात्रपाळी
सासवडकर, तुमच्या मूळ भानगडीबद्दल. मी गेली काही वर्षं ऑन-कॉल (अडचण आली की रात्रीही उठायची ड्यूटी) करतो, स्पष्ट सांगतो, रात्री माणूस उठवायला चॅट वापरूच नये. अँड्रॉइडमध्ये ॲपच्या नोटिफिकेशन कॅटेगरीत जाऊन एखादीला डू नॉट डिस्टर्बमधून सूट देता येते, आयफोनच्या फोकसमध्येही ॲपला परवानगी देता येते, ते करूनच ठेवा. पण बॅटरी, वायफाय, शेड्यूल, परवानगी यातलं एक जरी फिसकटलं तरी तुम्हाला कळणार नाही, कारण न आलेल्या नोटिफिकेशनचं नोटिफिकेशन येत नाही. आमच्याकडे ठरलंय, पाच मिनिटांत उत्तर नाही तर सरळ फोन लावायचा आणि तो नंबर फेव्हरिट्समध्ये. मॅनेजरने सात मेसेज टाकले, एक कॉल केला का?

सासवडकर
नाही केला. हे त्याला विचारायचं धाडस होत नाहीये अजून.

बाकी काल सगळ्यांचं ऐकून सगळं तपासलं आणि एका मित्राला साडेअकराला टेस्ट मेसेज टाकायला सांगितलं. क्लीन न करता झोपलो. ११:३१ ला आला, असा खणखणीत की बायको दचकून उठली. आजपासून फोन हॉलमध्ये.