दिव्याचा किताब आणि म्हणे 'मागचं दार'

प्यादं_पुढे: काल एकाने लिहिलं, "बुद्धिबळातल्या दिव्या देशमुखकडे एक नॉर्म (मोठ्या स्पर्धेतली ठरावीक कामगिरी, किताबासाठी एरवी असे तीन लागतात) नव्हता, ग्रँडमास्टर कसली? मागच्या दारानं आत." डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय. जुलै २०२५, जॉर्जियातलं बातुमी, महिला विश्वचषक, जिंकणारीला थेट ग्रँडमास्टर किताब. दिव्याला १५वं मानांकन. हरवलं कुणाला? झू जिनर, हरिका, माजी जगज्जेती तान झोंगयी आणि शेवटी फायनलला कोनेरू हंपी. क्लासिकलचे (पूर्ण वेळेचे) दोन्ही डाव बरोबरीत, मग पहिला रॅपिडही (कमी वेळेचा डाव) बरोबरीत, दुसरा काळी मोहरी घेऊन जिंकला. हे मागचं दार असेल तर पुढच्या दारात काय वाघ बांधलाय? वर्ल्ड ज्युनियर जिंकणाऱ्या मुलालाही थेट किताब मिळतो. तेव्हा कुठे असता?

तिरका_उंट: ते मीच लिहिलं होतं, नाव घ्यायला लाजू नका. मुलगी गुणी आहे, नाही कोण म्हणतंय? पण प्रवीण ठिपसेंना ग्रँडमास्टर किताबासाठी १९९७ उजाडलं. नॉर्म हुकला की माणूस कसा खचतो ते जवळून पाहिलंय. एका रॅपिड डावावर तोच किताब मिळाला तर टोचतं हो.

वऱ्हाडी_वजीर: काऊन भाऊ, नागपूरचं कोणी जिंकलं का पोटात दुखते? ग्रँडमास्टर रौनक, संकल्पही इथलेच. पुण्या-मुंबईबाहेर पट मांडता येत नाही असं वाटते का तुमाले?

तिरका_उंट: मी मूळचा अकोल्याचा आहे. चालू द्या.

घड्याळ_दाबा: किताब राहू द्या बाजूला, पैशाचं बोला. तिचे आईवडील दोघं डॉक्टर. माझा भाचा जिल्ह्यात दुसरा आला. पुढच्या स्पर्धेला परगावी जायचं म्हणजे मुलासोबत एक मोठं माणूस, जनरलचा डबा, लॉजचं भाडं, वर प्रवेश फी. क्लासवाल्याने तासाला जे मागितलं त्यात आमच्या घरचा महिन्याचा किराणा येतो. पोरगं आता दहावीला आहे. बुद्धिबळाचं घड्याळ माळ्यावर.

आई_पटावरची: डॉक्टर असलं की पैसे झाडाला लागतात का? मी तीन वर्षं हॉलबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काढलीत. दार उघडलं की आधी पोरीचा चेहरा बघायचा, मग डबा उघडायचा की नाही ते ठरवायचं. शाळेने हजेरीवरून वर्षभर छळलं. खर्चाचं रडगाणं सगळ्यांचंच आहे.

घड्याळ_दाबा: रडगाणं? ताई, तुम्हाला खुर्ची तरी मिळाली. आम्ही जिन्यावर बसायचो.

वऱ्हाडी_वजीर: सरकारनं ३ कोटी दिले ना तिले.

घड्याळ_दाबा: जिंकल्यावर! जिंकल्यावर शेजारीही पेढे आणतात. बाराव्या वर्षी तिकिटाला कोण देतं ते सांगा.

प्यादं_पुढे: अहो, धागा किताबाचा आहे.

घड्याळ_दाबा: किताब तिच्याकडेच राहणार आहे, तुम्ही भांडा नाहीतर झोपा.

आई_पटावरची: एक विचारते उंटरावांना. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्सला वाइक आन झीच्या स्पर्धेत खेळून आल्यावर तिनंच लिहिलं होतं, लोक डाव सोडून कपडे, केस, बोलणं बघतात म्हणून. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडला तिसऱ्या पटावर वैयक्तिक सुवर्ण. अजून किती दारं वाजवायची?

तिरका_उंट: कपड्यांवर मी कधी बोललोय? उगाच माझ्या गळ्यात घालू नका.

प्यादं_पुढे: आणि समरकंद? तिथल्या ग्रँड स्विस स्पर्धेत महिला गट सोडून खुल्या गटात उतरली, जगज्जेत्या गुकेशला बरोबरीत रोखलं. नॉर्मवाले किती जण रोखतात?

तिरका_उंट: बरं बाबा, तो डाव मी पूर्ण बघितला. चांगली खेळली. 'मागचं दार' मागे घेतो, 'बाजूची खिडकी' म्हणतो. चालेल?

आई_पटावरची: नाही.

घड्याळ_दाबा: जुनं घड्याळ कुणाला हवंय का? चालू आहे. उजवीकडचं बटण जरा घट्ट झालंय.