त्रुफोचा 'ले कात्र साँ कू' क्लबात दाखवायचाय: चौकट, आवाज आणि कान महोत्सवाचं प्रकरण

काळीपांढरी:
पुढच्या महिन्यात फिल्म क्लबात फ्रेंच दिग्दर्शक फ्राँस्वा त्रुफोचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट दाखवतोय, नंतर अर्धा तास चर्चा. पडदा 10 फूट रुंद, 16:9चा. प्रोजेक्टरवर चित्र वरखाली बरंच रिकामं राहतं, ते 'झूम' करून भरावं का? संवाद ओठांपासून किंचित सुटल्यासारखे वाटतात, हा फाइलचा दोष का? आणि 1959 साली त्याचं स्वागत नेमकं कसं झालं? 'न्यू वेव्हचा (फ्रेंच सिनेमातल्या नव्या लाटेचा) पहिला सिनेमा' एवढंच सगळीकडे लिहिलेलं सापडतं.

जुनी_रीळ:
झूमला हात लावू नका. चित्रपट डायलिस्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीत आहे, म्हणजे 2.35:1, रुंदी उंचीच्या 2.35 पट. तुमच्या पडद्यावर चित्राची उंची साधारण सव्वाचार फूट येईल आणि सव्वा फुटाहून थोडं जास्त रिकामं राहील. तेवढं राहू द्या. उंची भरायला गेलात तर दोन्ही बाजूंनी मिळून 24 टक्के चित्र कापलं जातं. जुन्या 4:3 टीव्ही प्रतीत तर जवळपास 43 टक्के जातं. इथे ते फार महागात पडतं. चित्रपटातला मुलगा आंत्वान घराच्या दाराशी, बोळकांडीत झोपतो. छायाचित्रकार आंरी दकाएच्या कामात ती अडचण रुंद चौकटीमुळेच जाणवते. कडा छाटल्या की उरतो नुसता पोराचा चेहरा.

माणसं उंच, काटकुळी दिसली तर तो चित्राचं प्रमाण चुकल्याचा दोष. सेटिंगमध्ये मूळ प्रमाण निवडा. अजून एक: लांबी 99 मिनिटं हवी. फाइल 95 दाखवत असेल तर ती बहुधा सेकंदाला 24ऐवजी 25 चौकटींनी पळवलेली प्रत. आवाज एका अर्ध्या सुराला जरा कमी इतका चढतो, मुलांचे आवाज आणखी चिरके वाटतात.

ओठांचं म्हणाल तर फाइल निर्दोष असू शकते. बहुतेक चित्रण आवाजाविना झालं, संवाद नंतर भरले. पण फरक सगळीकडे सारखाच असेल, दारं आपटण्यापासून पावलांपर्यंत, तर तो प्लेअरचा. ध्वनी 40-80 मिलिसेकंदांनी पुढेमागे करून बघा.

मोंताज:
स्वागताबद्दल. 'पहिला' हे बरोबर नाही. न्यू वेव्हमधल्याच क्लोद शाब्रोलचे दोन चित्रपट पॅरिसमध्ये काही महिने आधीच लागले होते. गाजावाजा मात्र याचा झाला, आणि त्याची गंमत 1958मध्ये आहे. त्या वर्षी कान महोत्सवाने समीक्षक त्रुफोला प्रवेशपत्रच दिलं नव्हतं, इतकी त्याची लेखणी बोचत होती. (1954चा 'काहिए द्यु सिनेमा' या मासिकातला त्याचा लेख चर्चेत जरूर घ्या. साहित्यकृतींच्या गुळगुळीत रूपांतरांवर त्याने तिथे सडकून टीका केलीय.) पुढच्याच वर्षी त्याच कानमध्ये दिग्दर्शनाचं पारितोषिक. सर्वोच्च पुरस्कार मार्सेल कामूच्या 'ओर्फू नेग्रो'ला. फ्रान्समध्ये 40 लाखांहून अधिक तिकिटं खपली. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा परदेशी चित्रपटाचा पुरस्कार, शिवाय मूळ पटकथेसाठी ऑस्कर नामांकन.

नावाचं भाषांतर 'चारशे फटके' असं करू नका. फ्रेंच वाक्प्रचाराचा अर्थ धुडगूस घालणं, उनाडक्या करणं. 'द 400 ब्लोज' या इंग्रजी नावातही तीच चूक शब्दशः उतरली आहे.

काळीपांढरी:
फाइल 99 मिनिटांची निघाली, छान. मानसतज्ज्ञ बाई आंत्वानला प्रश्न विचारतात तो प्रसंग आयत्या वेळी सुचेल तसा केला असं वाचलं. मग सगळा सिनेमाच असा, कॅमेरा लावून उत्स्फूर्त केलाय का?

खिळलेली_चौकट:
नाही, हा गैरसमज चर्चेत हमखास निघतो. पटकथा त्रुफो आणि मार्सेल मूसी यांनी लिहिली. मूसी टीव्हीसाठी लिहिणारा, संवादांची बांधणी त्याला पक्की ठाऊक. उत्स्फूर्तपणा आहे तो मुख्यतः त्या एका प्रसंगात. प्रश्न स्वतः त्रुफोने विचारले, आंत्वान झालेल्या झाँ-पिएर लेओने आपल्या शब्दांत उत्तरं दिली, आणि बाईंचा आवाज नंतर घातला. म्हणून बाई पडद्यावर दिसतच नाहीत, आणि उत्तरांचे तुकडे हलक्या डिझॉल्व्हने, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळवून, जोडलेत. टेबलावरचे हात, खाली जाणारी नजर, हे पाहायला सांगा.

शेवट उलट पूर्ण हिशेबी आहे. मुलगा सुधारगृहातून निसटतो, कॅमेरा एक मिनिटाहून अधिक त्याच्या बाजूने पळतो, मग समुद्र, मग तो वळून आपल्याकडे बघतो आणि चित्र थिजतं. तिथे निगेटिव्हची एकच चौकट ऑप्टिकल प्रिंटरवर (फिल्मवरून फिल्मवर छापणाऱ्या यंत्रावर) पुन्हा पुन्हा छापतात, आणि छापतानाच जवळ आणतात. प्रतिमा मोठी होते तशी रवाळ होते, ती प्रतीची खराबी नव्हे. दिवे 'फीन' (समाप्त) ही अक्षरं विरेपर्यंत लावू नका.

आणि आत्मचरित्राचा मुद्दा सांभाळून काढा. पत्रकारांनी चित्रपट त्रुफोचं आत्मचरित्र म्हणूनच वाचला, त्रुफोच्या आईवडिलांना ते झोंबलं, आणि मी चरित्र लिहिलेलं नाही असा जाहीर खुलासा त्याला करावा लागला. अर्पणपत्रिका मात्र त्रुफोचा गुरू, समीक्षक आंद्रे बाझँला आहे. चित्रीकरण 10 नोव्हेंबर 1958ला सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी बाझँ गेला.